‘उद्या या’ची किंमत कोण मोजतो?

मिरगाचा पाऊस तोंडावर आला की तालुक्याच्या गावाला जत्रेचं रूप येतं. बसस्थानकापासून कृषी केंद्रांच्या ओळीपर्यंत नुसती माणसंच माणसं. कुणाच्या हातात सातबारा, कुणाच्या हातात बँकेचं पासबुक, कुणाच्या काखेत रिकामी थैली. या सगळ्या गर्दीला एकच गोष्ट हवी असते. आपलं काम आज व्हावं, आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी परतावं. पण या गर्दीच्या कानावर दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा पडणारं वाक्य कोणतं असेल, तर ते आहे ‘उद्या या!’

वाचकहो, हे दोन शब्द बोलणाऱ्याला काहीच पडत नाही. फुकटाचा मामला. पण ऐकणाऱ्याच्या बाजूनं जरा हिशेब मांडून बघा. येण्या-जाण्याचं भाडं गेलं. दिवसाची मजुरी बुडाली. घरी बैलांना चारा-पाणी करायला दुसऱ्याला सांगावं लागलं. हे सगळं एक वेळ सोडून देऊ. पण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पेरणीयोग्य ओल झाली, वापसा आला, आणि बियाण्याची किंवा कर्जाची फाईल कुणाच्या तरी टेबलावर ‘उद्या’ची वाट बघत पडली, तर तो वापसा उद्यापर्यंत थांबत नाही. सोयाबीनची पेरणी जुलैच्या मध्याच्या पुढं गेली की उताऱ्यावर परिणाम होतोच. म्हणजे टेबलावरचा एक ‘उद्या’ हा वावरात कधी कधी अख्खा हंगाम असतो.

मी गावपातळीवर काम करणारा कृषी खात्याचा माणूस. कृषी पदविका घेतली आणि नोकरीला लागलो. कामामुळं मला टेबलाच्या मागं बसावं लागतं, आणि घरची शेती असल्यामुळं वडिलांबरोबर काउंटरच्या पुढंही उभं राहावं लागतं. दोन्ही बाजूंची हवा मला ठाऊक आहे. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटले.

सकारात्मक म्हणजे काय हो?

अलीकडं सरकारी कार्यालयं, बँका, सोसायट्या, कंपन्यांचे विक्रेते मेळावे, जिथं जावं तिथं ‘सकारात्मक दृष्टिकोन’ आणि ‘ग्राहकाभिमुख सेवा’ यांवर व्याख्यानं होतात. व्याख्याता टाय लावून येतो. ‘हसतमुख राहा, नाही म्हणू नका, ग्राहक हाच देव’ असं सांगतो. टाळ्या पडतात, चहा-बिस्किट होतं, आणि दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडलं की पुन्हा ‘ये रे माझ्या मागल्या’!

असं का होतं? मला विचाराल तर आपण ‘सकारात्मक’ या शब्दाचा अर्थच चुकीचा धरला आहे. गोड बोलणं म्हणजे सकारात्मक वृत्ती नव्हे. तसं पाहिलं तर आपल्याकडं गोड बोलून फसवणाऱ्यांची काय कमी आहे? बोगस बियाणं गळ्यात मारणारा माणूस कधी रागावून बोलत नाही. तो पाणी पाजतो, खुर्ची देतो, ‘काका, तुमच्यासाठी खास ठेवलं होतं’ म्हणतो. उलट काही माणसं तोंडानं फटकळ असतात, पण काम असं चोख करतात की शेतकरी त्यांचं नाव काढतो.

तेव्हा माझी व्याख्या साधी आहे. समोर आलेल्या माणसाचं काम नेमकं काय आहे हे समजून घेणं, आणि ते पुरं होईल असा रस्ता त्याला दाखवणं, याचं नाव सकारात्मक वृत्ती. काम होणार असेल तर कधी होईल ते सांगावं. होणार नसेल तर का नाही आणि मग कुठं जावं ते सांगावं. स्पष्ट ‘नाही’सुद्धा सेवा असते. अर्धवट ‘बघू’ ही सेवा नसते.

याचक नव्हे, गिऱ्हाईक

आपल्याकडं एक खोड जुनी आहे. शेतकरी दारात आला की त्याला मागणारा समजायचं. त्यानंही हात जोडून, ‘साहेब, एवढं करा ना’ म्हणत उभं राहायचं. खिशातले पैसे देऊन तो खत घेतो, व्याज भरून कर्ज घेतो, हप्ता भरून विमा काढतो. तरीही वागणूक अशी की जणू त्याच्यावर उपकार चालले आहेत!

कायदा मात्र वेगळं सांगतो. आपल्या महाराष्ट्रात ग्राहक चळवळ जुनी आहे. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. पुढं १९८६ मध्ये देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि त्याची आठवण म्हणून दरवर्षी २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन पाळला जातो. तरी ‘ग्राहक’ म्हटलं की डोळ्यांपुढं शहरातला टीव्ही-फ्रीज घेणारा माणूस येई, शेतकरी येत नसे. बियाणं खराब निघालं की कंपन्या म्हणत, शेतकरी तर धंद्यासाठी बियाणं घेतो, तो कसला ग्राहक? या वादावर सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात निकाल दिला. बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, आणि सदोष बियाण्याबद्दल तो ग्राहक मंचात दाद मागू शकतो, हे त्या निकालानं पक्कं झालं. आता २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा लागू आहे, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीबाबत जिल्हा आयोगात तक्रार करायला फी लागत नाही.

सरकारी कामाचंही तसंच. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ मध्ये झाला. कोणती सेवा किती दिवसांत मिळेल, कोण देईल आणि नाही दिली तर अपील कुणाकडं करायचं, याचा फलक कार्यालयात लावणं त्या कायद्यानं बंधनकारक आहे. तो फलक कुठं लागलाय ते जाऊन बघा. पुष्कळ ठिकाणी कपाटाच्या आड, नाहीतर चपराशाच्या सायकलीच्या मागं असतो!

हे सगळं सांगायचं कारण एवढंच की, शेतकऱ्याला मान देणं ही मेहेरबानी नाही. तो त्याचा हक्क आहे, आणि ते आपलं काम आहे.

दोन मिनिटांचा प्रश्न

कुणी म्हणेल, वागणुकीनं असा काय मोठा फरक पडतो? आमच्या यवतमाळ जिल्ह्यानं त्याचं उत्तर फार महाग मोजलं आहे. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो माणसं दवाखान्यात भरती झाली. कुणाची दृष्टी अधू झाली, कुणी कित्येक दिवस बेशुद्ध होतं. त्याची कारणं एकाहून जास्त होती. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, दमट हवा, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं फवारणी, दोन-तीन औषधं एकत्र कालवणं, तोंडाला फडकं नाही, हातात मोजे नाहीत. चौकशा झाल्या, गुन्हे दाखल झाले, त्याची चर्चा वर्तमानपत्रांतून पुष्कळ झाली.

मला त्यातला एकच धागा इथं धरायचा आहे. ती औषधाची बाटली वावरात जाण्यापूर्वी कोणत्या ना कोणत्या काउंटरवरून गेली होती. त्या काउंटरवर काय बोलणं झालं असेल? बहुतेक ठिकाणी जे होतं तेच झालं असणार. शेतकरी म्हणतो, ‘भाऊ, कपाशीवर माशी लय दिसून रायली, काही कडक औषध द्या.’ दुकानदार मागं वळून दोन बाटल्या काढतो. ‘हे आणि हे मिसळून मारा, साफ होते.’ पैसे दिले, बाटल्या थैलीत. दोन मिनिटांत व्यवहार संपला.

आता तीच दोन मिनिटं वेगळी वापरता येतात की नाही, बघा. माशी की तुडतुडे? पान आणलं का सोबत? पानामागं किती दिसतात? तुडतुड्यांसाठी सरासरी पानामागं २ ते ३ असल्याशिवाय रासायनिक फवारणीची गरज नाही, हे विद्यापीठ कधीचं सांगतंय. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री ८ पतंग सापडले तर फवारणी करायची. सापळे लावलेत का? फवारणारा कोण, घरचा की मजूर? त्याच्याकडं हातमोजे, मास्क आहे का? बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंग त्याला समजतो का? लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. बाटलीसोबतचं माहितीपत्रक काढून हातात दिलं का? विषबाधा झाली तर डॉक्टरनं कोणता उतारा द्यावा, ते त्यात लिहिलेलं असतं. तेच माहितीपत्रक आपल्याकडं बहुधा खोक्यासोबत उकिरड्यावर जातं.

एवढे प्रश्न विचारायला दोन मिनिटं नाही, पाच मिनिटं लागतील. पण ही पाच मिनिटं म्हणजेच ग्राहकाकडं लक्ष देणं. बाकी सगळं तोंडदेखलं.

आणि कधी कधी ग्राहकाकडं लक्ष देणं म्हणजे माल न विकणं! सोयाबीनचं उदाहरण घ्या. हे पीक सरळ वाणाचं, स्वपरागसिंचित. घरचं बियाणं नीट जपलं असेल तर ते दोन-तीन वर्षं वापरता येतं. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ठेवले आणि ७० किंवा जास्त उगवले, तर बियाण्याची थैली विकत घ्यायची गरज नाही. माझ्या माहितीतला एक कृषी केंद्रवाला गिऱ्हाइकाला हे स्वतः सांगतो. ‘घरचं आहे ना काका? मग आधी उगवण पाहा. कमी आली तर या, थैली ठेवतो.’ लोक म्हणाले, हा धंदा बुडवणार. झालं उलटंच. ज्या माणसानं आपल्याला नको असलेली थैली घेऊ दिली नाही, त्याच्याकडंच लोक खत, औषध, सगळं घ्यायला जातात. गावात म्हणतात, ‘तो काई चुकीचं देत नाई.’ हा एक शब्द मिळवायला किती जाहिराती लागल्या असत्या?

दुकानदाराचीही बाजू आहे

दुकानदारांवर सगळं ढकलून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. हंगामात माल उधारीवर द्यावा लागतो. दिवाळीला कापूस निघेल तेव्हा पैसे येतील, आणि बोंडअळीनं खाल्लं तर तेही येत नाहीत. वरून कंपनीचं टार्गेट, स्कीम, सहलीचं आमिष. काही वेळा युरियाच्या गाडीसोबत कंपनी न खपणारा मालही माथी मारते, आणि मग तो शेतकऱ्याच्या माथी जातो. याला ‘लिंकिंग’ म्हणतात आणि ते बेकायदेशीर आहे. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीवर २६६ रुपये ५० पैसे छापलेले असताना शेतकऱ्याला ‘सोबत ही बाटली घ्या, नाहीतर गोणी नाही’ असं सांगणं म्हणजे सरळ अडवणूक आहे. जो दुकानदार कंपनीला वरच्या वर ‘हा माल मला नको’ म्हणतो, तो खरा गिऱ्हाइकाच्या बाजूचा. त्याला आपण साथ दिली पाहिजे, म्हणजे त्याची उधारी वेळेवर फेडली पाहिजे. हे मी शेतकरी बांधवांना स्पष्टच सांगतो.

ज्ञानाचा प्रश्नही आहे. पूर्वी कुणीही परवाना काढून औषधाचं दुकान टाकी. हैदराबादच्या ‘मॅनेज’ या संस्थेनं २००३ मध्ये दुकानदारांसाठी ४८ आठवड्यांचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. आपल्याकडं त्याला ‘देसी’ म्हणतात. आठवड्यातला सुटीचा दिवस वर्गात, अधूनमधून शेतावर भेटी. मी पाहतो, की हा अभ्यासक्रम मनापासून केलेला दुकानदार बोलायला वेगळा असतो. तो ‘काय पाहिजे?’ असं विचारत नाही, ‘काय झालं?’ असं विचारतो. या दोन प्रश्नांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

टेबलामागचा माणूस

आता आमच्या बाजूकडं येऊ. सरकारी टेबलामागं बसणारा माणूस वाईटच असतो, असं समजू नका. एकेकाकडं दोन-दोन, तीन-तीन पदांचा भार. सर्व्हर बंद. वरून रोज नवा तक्ता भरायचा. शेतकऱ्याचा ओटीपी पुण्यात कंपनीत असलेल्या पोराच्या मोबाईलवर जातो आणि पोरगा फोन उचलत नाही. अशा माणसाला ‘हसतमुख राहा’ म्हणून सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. नुसत्या उपदेशानं वृत्ती बदलत नाही. कामाची पद्धत बदलली तर वृत्ती बदलायला वाव मिळतो.

पद्धत म्हणजे काय, तर साध्या गोष्टी. पहिली म्हणजे कागदपत्रांची यादी एकदाच आणि पूर्ण सांगणं. आपल्याकडं काय चालतं? पहिल्या फेरीला सांगतात सातबारा आणा. दुसऱ्या फेरीला आठ-अ. तिसऱ्या फेरीला आधारला बँक खातं जोडलेलं नाही. चौथ्या फेरीला मुदत संपली! हीच यादी एका कागदावर छापून पहिल्याच दिवशी हातात दिली, तर शेतकऱ्याच्या तीन फेऱ्या वाचतात आणि टेबलावरची तीन भांडणंही वाचतात. कागद एक रुपयाचा, फायदा दोघांचा.

दुसरी गोष्ट, ठरलेला दिवस. जुन्या मंडळींना ‘प्रशिक्षण व भेट’ योजना आठवत असेल. ऐंशीच्या दशकात तिचा मोठा बोलबाला होता. त्या पद्धतीत अनेक दोष होते, वरून आलेला निरोप खाली वाजवण्यापुरतीच ती पुष्कळदा उरे. पण तिच्यात एक गोष्ट चांगली होती. ग्रामसेवकाची गावभेट पंधरवड्यातून ठरलेल्या वारी असे. आज मोबाईल आहे, व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पण ‘साहेब कोणत्या दिवशी येतात?’ या प्रश्नाला बऱ्याच गावांत उत्तर नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर वार आणि वेळ लिहिली, आणि ती पाळली, तर तालुक्याच्या निम्म्या फेऱ्या आपोआप कमी होतील.

तिसरी गोष्ट, बदललेले नियम वेळेवर सांगणं. पीकविम्याचंच बघा. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात विमा होता. २०२५ च्या खरिपात ती योजना बंद झाली आणि शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा भरावा लागू लागला, खरिपाच्या अन्नधान्य आणि गळिताच्या पिकांना विमा रकमेच्या २ टक्के, नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत. नुकसान कोणत्या बाबींवर मिळेल, तेही बदललं. हे ज्यांना वेळेवर कुणी समजावून सांगितलं, त्यांनी विचार करून निर्णय घेतला. बाकीचे ‘एक रुपयात होतंय ना’ म्हणत शेवटच्या दिवशी सेवा केंद्राच्या दारात उभे राहिले. नियम शेतकऱ्याच्या हातात नाही, आमच्याही हातात नाही. पण तो समजेल अशा भाषेत सांगणं आमच्या हातात आहे.

शेगावला जमतं, मग इथं का नाही?

‘आपल्या लोकांना सेवावृत्ती नाहीच,’ असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. शेगावच्या गजानन महाराज संस्थानात कधी गेला असाल तर आठवा. लाखोंची गर्दी, पण धक्काबुक्की नाही, कचरा नाही, अरेरावी नाही. दारापासून प्रसादालयापर्यंत प्रत्येक सेवेकरी समोरच्याला ‘माउली’ म्हणतो. ‘माउली, इकडून या’, ‘माउली, थोडं पुढं सरका.’ शिवशंकरभाऊ पाटील यांनी वर्षानुवर्षं खपून ही शिस्त बसवली. ते २०२१ मध्ये गेले, शिस्त चालू आहे.

आता हे सेवेकरी कोण असतात? परग्रहावरून आलेले थोडेच असतात! आपल्याच गावांतले शेतकरी, मास्तर, दुकानदार, नोकरदार. पाळीप्रमाणं जातात, बिनपगारी सेवा करतात. म्हणजे जो माणूस तिथं अनोळखी माणसाला ‘माउली’ म्हणतो, तोच परत येऊन आपल्या टेबलावर बसला की ओळखीच्या माणसाला ‘उद्या या’ म्हणतो. वृत्ती आपल्यात आहे. ती आपण एका जागी वापरतो आणि दुसऱ्या जागी खुंटीला टांगून ठेवतो.

भक्तीमुळं तिथं जमतं, हे खरंच. पण नुसत्या भक्तीनं एवढी गर्दी सांभाळली जात नाही. तिथं प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे, पाळी ठरलेली आहे, जागा ठरलेली आहे, आणि वरपासून खालपर्यंत सगळ्यांना एकच नियम आहे. आमच्या कार्यालयांनी आणि दुकानांनी तिथून ‘माउली’ हा शब्द नाही उचलला तरी चालेल. ही व्यवस्था उचलावी.

आपणही दुकानदारच आहोत

शेतकरी बंधू-भगिनींनो, आता थोडं कडू बोलतो. राग मानू नका. काउंटरच्या अलीकडं उभे राहिलो की आपण ग्राहक असतो. पण कापसाची गाडी किंवा संत्र्याचे कॅरेट घेऊन मार्केटला गेलो की आपण विकणारे असतो. तिथं आपली वृत्ती कशी असते? वरच्या थरात टपोरी फळं आणि खाली बारीक, हे चालतं की नाही? ओला कापूस तसाच भरून नेतो की नाही? सरकारी खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव मिळतो, ८ ते १२ टक्क्यांत कपात होते, आणि १२ च्या वर माल परत येतो. दोन दिवस ऊन दिलं असतं तर तोच कापूस पूर्ण भावात गेला असता.

नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांनी हा धडा मोठी ठेच लागून घेतला. २०१० मध्ये युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अंश सापडले. कंटेनर अडकले, पैसे बुडाले, बागायतदार आणि निर्यातदार दोघंही हादरले. पण ते परदेशाला शिव्या देत बसले नाहीत. आज निर्यातीच्या बागेची नोंदणी होते, कोणतं औषध कधी मारलं याची वही ठेवली जाते, तोडणीपूर्वी प्रयोगशाळेत नमुना तपासला जातो. खाणाऱ्याला काय हवं हे ओळखून त्यांनी स्वतःची पद्धत बदलली, आणि बाजार टिकवला. त्यालाच ग्राहकाभिमुख म्हणतात. शब्द मोठा आहे, पण काम शेतकऱ्यानं करून दाखवलेलं आहे.

या हंगामात एवढं करू

मोठमोठे संकल्प नकोत. प्रत्येकानं आपापल्या जागी थोडं थोडं करावं.

दुकानदार मित्रांनी औषध देण्यापूर्वी पीक, कीड आणि फवारणारा माणूस, या तीन गोष्टी विचाराव्यात. बाटलीसोबत माहितीपत्रक आणि बॅच नंबर, मुदत लिहिलेलं पक्कं बिल द्यावं. हातमोजे आणि मास्क औषधाच्या शेजारच्याच फळीवर ठेवावेत, म्हणजे मागितले नाहीत तरी दिसतील.

कार्यालयात, बँकेत, सोसायटीत बसणाऱ्यांनी कागदांची यादी छापून दारावर लावावी. ‘उद्या या’ म्हणायचंच असेल तर कोणत्या तारखेला, किती वाजता आणि कुणाकडं, ते चिठ्ठीवर लिहून द्यावं. तारीख लिहून द्यायची म्हटली की निम्मी कामं आजच होतील, हा माझा अनुभव आहे!

आणि शेतकऱ्यांनी हात जोडून नव्हे, बिल मागून उभं राहावं. ‘कडक द्या’ न म्हणता कीड लागलेलं पान सोबत न्यावं. बियाण्याच्या थैलीचं लेबल आणि बिल पीक निघेपर्यंत जपावं, थोडं बियाणंही बाजूला काढून ठेवावं. शंका आली तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा फुकटचा नंबर आहे, ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ आहे. चांगली वागणूक मिळाली तर तेही चारचौघांत सांगावं. आपण वाईटाची बोंब गावभर करतो, चांगल्याचं कौतुक मात्र मनातच ठेवतो. टेबलामागचा माणूसही माणूसच असतो. ‘तुमच्यामुळं काम झालं’ एवढं ऐकलं की पुढच्या दहा जणांना तो उभं करत नाही, खुर्ची देतो.

पेरणी जवळ आली आहे. येत्या आठ-पंधरा दिवसांत तालुक्याच्या गावी पुन्हा तीच गर्दी होईल. त्या गर्दीतल्या प्रत्येकाच्या घरी वावर वाट बघत असणार आहे, आणि ढग कुणाच्या टेबलासाठी थांबत नाहीत. तेव्हा ज्याच्या हातात पेन आहे, शिक्का आहे किंवा दुकानाची किल्ली आहे, त्यानं समोर आलेल्या माणसाकडं मान वर करून एकदा बघावं आणि विचारावं, ‘काय झालं काका, बसा, सांगा.’ पुढचं काम तिथूनच सुरू होतं.